रिकामं आलेलं तबक

माझ्या फेऱ्या तेवीस झाल्या, पण तळावर चरबीचे बावीसच डाग आहेत. बहुतेक वाटाण्याएवढे, एकच, उजव्या कडेपासून वीतभर आत, तळहाताएवढा. बाविसाव्या फेरीचा डाग नाही.

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी तबक आहे. शिन्हुईजवळच्या एका गावात सुताराने मला कापराच्या लाकडातून घडवलं, लाल लाखेचे चार हात दिले आणि डुक्कर भाजणाऱ्याच्या दुकानात पोहोचवलं. आमच्याकडे लग्नानंतर तिसऱ्या दिवशी नवरी माहेरी येते आणि सासरहून अख्खं भाजलेलं डुक्कर येतं. सून कुमारीच आली, तिच्यात खोट नाही, असा त्याचा अर्थ. माहेरचे डोकं आणि शेपूट परत पाठवतात, म्हणजे संसाराची सुरुवात आणि शेवट दोन्ही चांगले. एकवीस वेळा दोघांनी मला खांद्यावरून असं नेलं. रस्त्यात लोक कुरकुरीत कातडीचं कौतुक करत. थोडं माझंही करत.

बाविसावी नवरी लाम यिम-फोंग. तिच्या सासरी, यूंच्या दारावर नवऱ्याची विजार टांगली होती. सुनेने तिच्याखालून वाकून जायचं, म्हणजे ती जन्मभर वाकून राहते. यिम-फोंगने विजार हाताने बाजूला सारली आणि ताठ आत गेली. सासूने, यूबाईने, ते बघून ठेवलं. तिसऱ्या दिवशी तिने माझ्यावर लाल कापड घालून मला लामांच्या अंगणात पाठवलं. कापड उचललं, तर खाली काहीच नव्हतं.

गावाला अर्थ कळला. यिम-फोंग पुन्हा सासरी गेली नाही. दुकानाची माणसं मला न्यायला आली, तेव्हा ती म्हणाली, "यूंनी मला पाठवलेलं एवढंच आहे. ते मी ठेवणार."

तेव्हापासून दर हिवाळ्यात ती माझ्यात संत्र्याच्या साली वाळवत असे. तेही बाजाराच्या रस्त्याकडेच्या भिंतीवर, यूबाईच्या नजरेसमोर. चौथ्या वर्षापासून यूबाई कालव्यावरून वळसा घालून बाजारात जाऊ लागली. मला फार बरं वाटलं. शेजारणी म्हणत, "आता माफ करून टाक बाई." यिम-फोंग साली उलटत म्हणे, "बघू."

मित्रांनो, आम्हाला पुसून कोरडं ठेवा, आम्ही तीन पिढ्या टिकतो. पण आमच्याकरवी कुणावर खोटा आळ घालू नका. लाकूड पाणी सोडतं, अपमान सोडत नाही.

अडतीस वर्षांनी यिम-फोंगची भाची होइ-केइ प्रेमात पडली, ती नेमकी यूबाईच्या नातवाच्या. ग्वांगझो शहरातल्या प्रयोगशाळेत काम करणारी मुलगी. रीतिरिवाजांवर ती हसायची. पण नवऱ्या मुलाला तिने सांगितलं, "विजार वगैरे टांगलीत तर कात्रीच घेऊन येईन. डुक्कर मात्र आत्याच्या तबकातून, आत्याच्या दारात आलं पाहिजे. आणि तुझी आजी त्याच्यासोबत पायी."

"अगं, आजी त्र्याऐंशीची आहे!"

"आत्या अडतीस वर्षं थांबली आहे. आजीला सावकाश येऊ दे."

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी माझ्यावर डुक्कर होतं, लालबुंद, कानांसकट. मागून यूबाई काठी टेकत येत होती. रस्ता लांब होता आणि ऊन चढलं होतं. मला वाटत होतं, रस्ता अजून लांबावा.

अंगणात सगळं गाव जमलं होतं. यूबाई धापा टाकत म्हणाली, "तेव्हा तबक रिकामं पाठवलं ते माझ्या रागापायी. पोरीत काही खोट नव्हती. झालं?"

"आजी," होइ-केइ म्हणाली, "पुन्हा म्हणा. 'झालं' न म्हणता."

कुणीतरी फिस्सकन हसलं. यूबाईने पुन्हा म्हटलं, या वेळी खाली बघून.

यिम-फोंगने सुरा उचलला. दोन घाव, सरळ. डोकं आणि शेपूट तिने माझ्यात नीट मांडून ठेवलं, भाचीच्या संसारासाठी. शेजारीण पुढे सरली. "चला, मिटलं. आता तरी माफ केलंस ना, यिम-फोंग?"

तिने सुरा पुसला. एवढी वर्षं तिच्या तोंडून 'बघू' ऐकलेल्या गावाने कान टवकारले.

"पोरं सुखात राहू देत," ती म्हणाली. "यूबाई, सावलीत बसा, जेवून जा. पण तुम्हाला मी माफ करणार नाही."