न गोठणारं तेल

मनुबाईने दोन्ही पाय लांब सोडले, नडग्यांवर शिवतेजला पालथा घातला आणि वाटीतलं कोमट तेल त्याच्या पाठीवर ओतलं. तेल लागताच पोराने असा टाहो फोडला, की न्हाणीत पाणी विसणत बसलेल्या राजेश्वरीच्या हातातला तांब्या निसटला.

"रड, रड. छाती मोकळी हुती," मनुबाई म्हणाली आणि तिचे अंगठे नातवाच्या कण्यावरून वर सरकले.

दहा महिन्यांचं पोर, पण कातडी हाताला खरखरीत लागत होती. कोपराच्या लवणीत, गुडघ्यांमागे, मानेच्या घडीत लाल चट्टे उठले होते आणि त्यांवर पांढरा कोंडा धरला होता. दिवसभर ते पोर गोधडीला, भिंतीला, आईच्या खांद्याला अंग घासत राही. झोपेत ओरबाडून घेऊ नये म्हणून राजेश्वरीने त्याच्या हातांत जुने मोजे चढवले होते.

मनुबाईच्या हाताला गावात नाव होतं. कुणाची बाळंतीण घरी आली की पहिलं बोलावणं तिला. निम्मा गाव याच दोन पायांवर पालथा पडून वाढलेला. त्यात एक माजी सरपंच होता आणि मिलिटरीतले दोन हवालदार. लोकांच्या पोरांची अंगं लोण्यासारखी मऊ केली आणि स्वतःच्याच नातवाची ही गत, याचा तिला संताप येई. संताप कुठंतरी काढायचा, तर सुनेइतकी सोयीची जागा घरात दुसरी नव्हती.

आधी दुकानातला साबण गेला. मग राजेश्वरीच्या ताटातलं वांगं गेलं, कारण पोर अंगावर पीत होतं आणि वांगं उष्ण. मागोमाग शेंगदाणे, अंडी, दही, हरभऱ्याची डाळ. फरक पडेना तसं पथ्य वाढत गेलं. आता ती पोरगी कोरडी भाकरी आणि मुगाच्या बिनफोडणीच्या वरणावर आली होती. तिच्या गळ्याची हाडं दिसायला लागली होती.

सांगलीच्या डॉक्टरांनी मलम दिलं होतं. कातडी कोरडी पडलीय, ओलसर ठेवा, म्हणाले होते. तेल कुठलं लावता, हेही त्यांनी विचारलं होतं. "खोबरेल, दुसरं कुटलं?" मनुबाईने ठसक्यात सांगितलं होतं. सांगलीहून आल्यापासून तिने दिवसातून एकदाचं मालिश तीनदा केलं.

"आत्ती," राजेश्वरी तांब्या उचलत म्हणाली, "चार दीस तेल थांबवून बघूया का?"

"का?"

"तेल लावलं की जास्त रडतंय. मलम लावलं की गप ऱ्हातंय."

मनुबाईने मान वर केली. "तुझ्या आईनं किती पोरं न्हाऊ घातली गं?"

राजेश्वरीने तांब्यातलं पाणी उगाच पुन्हा बादलीत ओतलं.

दुपारी मनुबाई भाकरीचा डबा घेऊन बेदाण्याच्या शेडवर गेली. एरवी ती तिकडं फारशी फिरकत नसे. गंधकाच्या धुरीने तिला खोकल्याची उबळ येई. शेड तिच्या मुलाने, भाऊसोने, गेल्याच वर्षी उभं केलं होतं. त्याआधी द्राक्षं सरळ व्यापाऱ्याच्या गाडीत जात. आज हंगामातला पहिला माल निघाला होता. अर्जुना गडी पाण्याच्या टबात घड बुडवून जाळीवर पसरत होता आणि भाऊसो एका निळ्या कॅनशी झटत होता.

"आये, बरं झालं आलीस. गेल्या साली म्या हितं फळीवर दोन बाटल्या भरून ठेवल्या व्हत्या. खोबरेलाच्या जुन्या बाटल्या. बघितल्यास का?"

"कशाच्या भरलेल्या?"

"डिपिंग ऑइलच्या. कॅन लय जड, वतताना निम्मं सांडतंय. म्हणून बाटलीत काढून ठिवतो."

मनुबाईने डबा खाली ठेवला नाही, पुढेही केला नाही. बाटल्या तिने बघितल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात काम संपल्यावर शेड झाडायला ती आली होती, तेव्हा मजूर बायका डोक्याचं तेल विसरून गेल्या असं समजून तिनेच त्या पदराखाली घालून घरी नेल्या होत्या. फुकटचं ते पौष्टिक! दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तिने त्यातली एक उघडली. दुसरी संक्रांतीला.

"काय करतंय त्ये तेल?" तिने विचारलं.

भाऊसोला बेदाण्याविषयी कुणी विचारलं की तो हातातलं काम सोडून सांगायला बसे. त्याने एक मणी तोडून तिच्यासमोर धरला.

"ह्यो पांढरा थर दिसतोय न्हवं? त्ये मेण. मण्यातलं पाणी मण्यातच ऱ्हावं म्हणून देवानंच घातलंय. पाण्यात ह्ये तेल आन् पावडर मिसळून घड बुडवला की मेण सुटतंय. मग पाणी आत ऱ्हात न्हाई. नुसता मणी वाळाया महिना खाईल, ह्येनं बारा-पंधरा दिसांत बेदाणा तयार!"

"थंडीत गोठतंय का रं त्ये?"

"न्हाई गं. त्ये काय खोबरेल हाय व्हय?"

पौषात गावभर खोबरेलाच्या बाटल्या उन्हात ठेवलेल्या असायच्या. मनुबाईची बाटली तेवढी धारेने ओतत होती. "असलं पातळ तेल आता मिळत न्हाई," असं तिने शेजारणीला मिरवून सांगितलं होतं. वासाचं म्हणावं तर कोरोनात तिचा वास गेला तो परत आलाच नाही. आणि इतरांना येणार कसा? तेलात ओवा-लसूण तळून घेतल्याशिवाय ती वाटी बाहेर आणत नसे. तेलाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा तर तिचाच नेम.

तिची नजर अर्जुनाच्या हातांवर गेली. कोपरापर्यंत रबरी मोजे होते.

"मोजं कशाला रं?"

"आवं मावशी, दिसभर हात बुडवलं की सालं निघत्यात," अर्जुना हसत म्हणाला.

मनुबाईच्या हातातला डबा कलंडला, भाकऱ्या मातीत गेल्या. भाऊसो "काय झालं, चक्कर आली काय" म्हणत धावला. त्याचा हात झिडकारून ती घराकडे निघाली. वाटेत दोघांनी हाक मारली. तिला ऐकूच आली नाही. दिवसातून तीनदा, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

घरी राजेश्वरी पोराला मांडीवर घेऊन जेवत होती. ताटात भाकरी आणि पिवळं पाणचट वरण. मनुबाईने चुलीवरच्या पातेल्यातली वांग्याची भाजी घेतली, दाण्याच्या कुटाचा जाड रस्सा वर आलेली, आणि पळीभर तिच्या ताटात वाढली.

"आत्ती, पथ्य हाय मला."

"खा. तुझ्या खाण्याचं न्हाई गं त्ये," मनुबाई म्हणाली. "माझ्या हाताचं हाय."

मग तिने सगळं सांगितलं. बाटल्या, फळी, मेण, अर्जुनाचे मोजे. काही वगळलं नाही. सांगताना तिला आपलीच इतकी शिसारी आली, की शेवटचे शब्द तोंडातल्या तोंडात राहिले.

राजेश्वरीने ताट बाजूला सारलं. मग हात न धुताच तिने पोराला उचललं आणि न्हाणीत नेलं. कोमट पाणी तिने तांब्यामागून तांब्या त्याच्या अंगावर सोडलं.

"आण इकडं, मी धरते," मनुबाई उंबऱ्यापर्यंत आली.

"ऱ्हाऊ द्या."

लग्न झाल्यापासून तिने सासूला दिलेला हा पहिला नकार. मनुबाई तिथूनच मागे फिरली आणि सोप्यावर जाऊन बसली. आतून राजेश्वरी नवऱ्याला फोनवर सांगत होती, "आत्ताच्या आत्ता या. सांगलीला जायचंय. बाटली बी घ्यायची हाय संगं." मग मलमाच्या डबीचं झाकण वाजलं.

तेवढ्यात शेजारची सोनिया दारात आली. तिच्या वहिनीला बारा दिवसांपूर्वी मुलगी झाली होती.

"मनुमावशी, चला की! पाणी तापलंय. पोरगी रडून लाल झालीया."

मनुबाईने आपले दोन्ही हात मांडीवर उपडे टाकले होते. ते तिला उचलवेनात. काय सांगावं? बरं नाही म्हणावं, तर उद्या पुन्हा येईल. खरं सांगावं, तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल, आणि ते झालेलं तरी बरं, असंही तिला वाटून गेलं.

"मी न्हाई येत," ती म्हणाली. "माझं हात आता..."

आतल्या खोलीचं दार उघडलं. राजेश्वरी पोराला खांद्यावर टाकून उभी होती. पोर झोपलं होतं. तिचे डोळे लाल होते, पण आवाज सरळ होता.

"जावा, आत्ती," ती म्हणाली. "तेल त्यांच्या घरचं घ्या. आन् लावायच्या आधी वास सोनियाला घ्याया सांगा."