सोनेरी कासवाला फुल्ल रेंज

शालीतून उजेड यायला लागला तेव्हा शिंप्याच्या बायकोने हात जोडले, दंतवैद्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला, आणि माझ्या विहीणबाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. बुवाकडे नाही, माझ्याकडे. "दिसतंय ना?" असं ती नजर विचारत होती.

दिसत होतं की! विहीणबाईंच्या बैठकीच्या खोलीत अख्खी इमारत कोंबली होती. मला जागा मिळाली दाराशी, चपलांच्या शेजारी, एका डुगडुगत्या स्टुलावर. मधल्या खुर्चीत लहरीबुवा बसला होता. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत काळी शाल, मांडीवर तांब्याची वाटी. शालीच्या आतून मधमाशीसारखी गुणगुण येत होती आणि एक निळसर, थरथरता उजेड.

"तेज आहे ते," शिंपी कुजबुजला.

शाल दूर झाली. बुवाच्या कपाळावर घाम होता. वाटीवर टिचकी मारून तो म्हणाला, "माताजी, तुमचा राउटर आजारी नव्हता, रुसला होता. लहर म्हणजे लाजरी पोर. परक्याने बोलावलं तर दारामागे लपते. तिचं खरं नाव घ्यावं लागतं, तिचा गुप्त शब्द तिच्या कानात सांगावा लागतो. मग बघा, कशी धावत येते! उघडा मोबाईल."

विहीणबाईंनी मोबाईल उघडला. एका काडीवर रडणारं नेट टेचात भरून उभं होतं. त्यांनी तिथल्या तिथे नातीला फोन लावला. पडद्यावर नात आली ती इतकी स्वच्छ, की तिचा पडलेला दात कुठला ते चपलांजवळून मला दिसलं.

"वरची आजी! आज तू हलतेयस!" नात ओरडली. खोलीने टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, दोन. त्याहून जास्त माझ्याने होईनात.

ही नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी आणि विहीणबाईंच्या मुलीची मुलगी, सहा वर्षांची. आईबापांच्या नोकरीपायी तिघं लांब राहतात. मी दुसऱ्या मजल्यावर, विहीणबाई बरोब्बर माझ्या डोक्यावर तिसऱ्या. म्हणून मी खालची आजी आणि त्या वरची आजी. रविवारी सकाळी फोन येतो, आधी मला, मग त्यांना. माझ्या वाटणीच्या वेळात मी गोष्ट सांगते. माझ्या गोष्टी म्हणजे अस्सल थापा असतात. मी सांगत होते सोनेरी कासवाची, ज्याच्या पाठीवर एक अख्खं गाव वसलंय आणि गावाला ते माहीतच नाही. एका रविवारी मी ऐन रंगात आले, "आणि कासवाने तोंड उघडलं, आणि..." म्हटलं, आणि पडद्यावर नातीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. नेट गेलं.

पुढच्या रविवारी विचारलं, "कुठे होतो गं आपण?"

"संपली की गोष्ट," नात म्हणाली. "वरच्या आजीने सांगितली. कासवाने तोंड उघडलं, दात घासले आणि वेळेवर झोपलं."

दात घासले! मी जन्माला घातलेलं कासव, आणि ह्या बाईने त्याला टूथब्रश दिला! तीन दिवस माझ्या घशाखाली धड चहा उतरला नाही.

आणि आता तर बुवाच्या कृपेने त्यांच्याकडे तासतासभर गप्पा, आणि माझ्याकडे दोन मिनिटांत पुतळा.

लहरीबुवा मग इमारतीत घरोघर फिरला. शिंप्याकडे, दंतवैद्यांकडे. तो असेपर्यंत रेंज भरभरून. तो गेला की पुन्हा रडगाणं. दोघं तक्रार घेऊन गेले तेव्हा त्याने डोळे मिटले, वाटी कानाला लावली आणि म्हणाला, "लहर चढते, पण कोणीतरी खाली ओढतंय. ह्या इमारतीत एक जळकं मन आहे. मत्सराची लहर फार जड असते." आणि वाटी सावकाश वाकवून त्याने जमिनीकडे दाखवली. हे तो तिसऱ्या मजल्यावर उभा राहून सांगत होता. खाली कोण राहतं ते सगळ्यांना माहीत.

दुसऱ्या दिवशी शिंप्याने मला जिन्यात गाठलं. "आजी, जरा मन मोठं करा ना. मुलीची परीक्षा ऑनलाइन आहे."

मनातून मला धास्तीच वाटली, कारण जळत तर मी होतेच. सकाळ, दुपार, संध्याकाळ. एवढ्या जळण्यावर एक इमारत बंद पडत असेलही, कुणी सांगावं?

पण रविवारी नातीने विचारलं, "खालची आजी, तू जळतेस म्हणून नेट जातं का? वरची आजी म्हणत होती." उत्तर द्यायच्या आत ती पुन्हा गोठली. डोळ्यांत प्रश्न तसाच. त्या पडद्याकडे मी किती वेळ बघत बसले, सांगता येत नाही. नातीने मला गप्पिष्ट म्हणावं, थापाडी म्हणावं. तिच्या वाईटावर असलेली आजी म्हणू नये.

आमचे हे बाजूलाच पांघरुणात पडले होते. आणि पांघरुणातून, बघा, निळसर थरथरता उजेड येत होता.

"अहो, काय करताय?"

"काही नाही," हे घाईघाईने म्हणाले. डॉक्टरांनी डोळ्यांना आराम सांगितल्यापासून हे मोबाईलवर पत्ते खेळतात ते असे, चोरून.

मी पांघरूण ओढलं. ह्यांच्या तोंडावर तेज होतं. अगदी बुवाचंच.

साठ वर्षं मी थापा मारतेय. दुसरा थापाड्या कुठे श्वास घ्यायला थांबतो ते मला वासाने कळतं. बुवा आधी नाव विचारतो, मग पासवर्ड विचारतो, मग शालीत शिरतो. शालीत मोबाईल कशाला लागतो? मी तशीच उठून तळमजल्यावर केबलवालीकडे गेले. सगळ्या इमारतीच्या वायरी तिनेच ओढल्यात. महिनाभर बिचारी सांगत होती, मी येऊन बघते. पण ती खांद्यावर शिडी घेऊन येते, शाल नाही. तिला कोण विचारणार? मी तिच्याशी पाच मिनिटं बोलले आणि वर येऊन लहरीबुवाला निरोप धाडला: खालची आजी शरण आली आहे, तिचं जळकं मन धुऊन द्या.

माझा पाडाव बघायला तर दुप्पट माणसं आली. विहीणबाई पुढच्या खुर्चीत, नवी साडी नेसून. "बरं केलंत," त्या म्हणाल्या. "कबूल करायला मोठं मन लागतं."

"तुमच्याकडूनच शिकले हो," मी म्हटलं.

बुवाने वाटी मांडीवर घेतली. "माताजी, लहरीचं नाव?"

मी कागदावर लिहून दिलं, इंग्रजी अक्षरांत: सोनेरी कासव.

"अगं, पण आपल्या नेटचं नाव तर..." हे बोलायला लागले. मी असा चिमटा काढला की ह्यांचं वाक्य तिथेच मिटलं. मग ठरल्याप्रमाणे हे दाराजवळ मेन स्विचपाशी जाऊन उभे राहिले.

"आणि गुप्त शब्द?"

तोही लिहून दिला. बुवा शालीत गेला. गुणगुण सुरू झाली, उजेड आला. शिंप्याची बायको हात जोडणार, तेवढ्यात केबलवालीने तिला कोपराने ढोसलं. सातेक मिनिटांनी बुवा बाहेर आला, माझा मोबाईल हातात घेतला, बोट फिरवलं आणि सगळ्यांना दाखवला. "बघा! मत्सर विरघळला!"

पडद्यावर नाव होतं सोनेरी कासव. फुल्ल रेंज.

टाळ्या झाल्या. मी खोकले. काही झालं नाही. पुन्हा खोकले. ह्यांना कमी ऐकू येतं. तिसऱ्यांदा अशी खोकले की दंतवैद्यच पाणी घेऊन धावले, आणि मग एकदाचा खटका पडला. पंखा थांबला, दिवा गेला, दाराजवळच्या राउटरचे डोळे मिटले.

"लाइट गेली?" कुणीतरी म्हणालं.

"लाइट गेली, राउटर मेला," मी म्हटलं. "पण कासव बघा, जिवंत आहे."

मोबाईल हातोहात फिरला. फुल्ल रेंज. शिंप्याने तो उलटासुलटा करून पाहिला.

"ही तर शक्ती!" बुवा म्हणाला, पण आवाज चिरकला होता. "विजेविना चालणारी लहर!"

"असेल. पण बुवा, माझ्या घरात ह्या नावाचं नेटच नाही. आज सकाळी चहा पिताना मी ते नाव रचलं. जे जन्मालाच आलं नाही, ते रुसलं कधी आणि तुम्ही समजावलंत कधी?"

"अहो, हे तर गोष्टीतलं कासव!" विहीणबाई उभ्या राहिल्या. गोष्ट चोरलेली, त्यामुळे त्यांना पाठ होती. साक्षीदार म्हणून ह्याहून चांगलं माणूस मला मिळालं नसतं.

केबलवाली म्हणाली, "आजी, मोबाईल घेऊन चाला जरा."

लहान मुलं गरम-गार खेळतात ना, तसं. मी न्हाणीघराकडे गेले, काड्या कमी झाल्या: गार. स्वयंपाकघराच्या टोकाला आणखी कमी: अगदी गार. परत फिरले, गरम. बुवाच्या खुर्चीकडे आले, गरम, गरम! शालीजवळ हात नेला आणि चटका बसेल इतकं गरम. शाल मी नाही ओढली. ती ओढली विहीणबाईंनी, आणि अशी ओढली की बुवा अर्धा खुर्चीतून बाहेर आला.

शालीच्या आतल्या खिशात एक मोबाईल होता, चालू.

"हॉटस्पॉट," केबलवाली सगळ्यांना दाखवत म्हणाली. "ह्या मोबाईलचं नेट आजूबाजूला वाटायची सोय. त्याला नाव आणि पासवर्ड आपण देऊ ते. तुमच्या घरचंच नाव, तुमचाच पासवर्ड दिला की तुमचे फोन फसतात आणि जवळच्या ताकदवान नेटला जाऊन चिकटतात. बुवा घरात तोवर रेंज. बुवा जिना उतरला की रेंजही उतरली. आणि तुमचा पासवर्ड त्याच्या खिशात गेला, तो वेगळाच. आज सगळ्यांनी बदला."

बुवाने चपला शोधायचा प्रयत्न केला. शिंपी एकीवर उभा होता. शेवटी एक चप्पल आणि वाटी इथेच टाकून तो जिना उतरला. मत्सराची लहर खरंच खाली ओढत असावी, कारण दोन मजले त्याने चार उड्यांत संपवले.

"पण तुमच्याकडे तर तो गेल्यावरही..." दंतवैद्य विहीणबाईंकडे वळले. "तुमचं चालतंय ना अजून? तासभर बोलता म्हणे?"

विहीणबाईंचा पदराशी चाळा. मग हळूच म्हणाल्या, "त्याच संध्याकाळी गेलं होतं. रविवारी मी गच्चीवर जाते. पाण्याच्या टाकीशी उभं राहिलं की मोबाईलचं नेट येतं."

"उन्हात? तासभर? त्या गुडघ्यांनी?" मी म्हटलं. "सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही हसला असता."

"हसलेच असते."

महिनाभर मी ज्या सुखावर जळत होते, ते सुख टाकीला टेकून पाय बदलत उभं होतं.

"बरं, आता खरं दुखणं शोधू," केबलवाली म्हणाली आणि मेन स्विच चालू केला. "आजी, तुमच्या मुलाने दोन राउटर बसवलेत. दाराजवळ मोठा. आतल्या खोलीत धाकटा. मोठ्याचं ऐकायचं आणि पुढे सांगायचं, एवढंच धाकट्याचं काम. तो कुठाय?"

"आहे, सुरक्षित आहे," मी म्हटलं.

"मलाही असंच सांगते, तीन महिने," हे म्हणाले.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी कमरेची किल्ली काढली आणि आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं. साड्यांच्या मागे, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात धाकटा लुकलुकत होता. वायर तेवढी दाराच्या फटीतून बाहेर.

"कपाटात?" केबलवाली मटकन खाली बसली. "लोखंडाच्या? आणि वर डबा? ह्यातून लहर जाणार कशी? ह्याला ऐकूच येत नाही, तर सांगणार काय?"

"का ठेवलंत पण?" विहीणबाईंनी विचारलं.

आता थाप मारायची तर अंगात बळ नव्हतं. "मला वाटलं, तुम्ही वरून माझं नेट ओढता," मी म्हटलं.

मग विहीणबाई जे हसल्या! गुडघा धरून हसल्या. मग म्हणाल्या, "माझा धाकटा फ्रिजमागे आहे. मायक्रोवेव्हच्या शेजारी. खालून तुम्हाला पोचू नये म्हणून."

म्हणजे मत्सराने नेट अडलं हे खरंच होतं. फक्त त्यात जादू नव्हती, लोखंड होतं.

केबलवालीने दोन्ही धाकटे आपापल्या घरात मधल्या उंच फळीवर, मोकळ्यावर, मोठ्यापासून अर्ध्या वाटेत ठेवले. फार लांब ठेवला तर त्यालाच धड ऐकू येत नाही, म्हणाली. ना गुणगुण, ना शाल. दहा मिनिटं लागली. मग ती शिडी घेऊन शिंप्याकडे आणि दंतवैद्यांकडे गेली.

रविवारी नात आली. आम्ही दोघी एकाच पडद्यासमोर.

"खालची आजी, मग तू जळत नाहीस ना?"

"जळते की," मी म्हटलं. "पण नेट त्याने जात नाही. आपण तपासून बघितलंय."

आता मी थापाडी बाई, मी कुणाला काय शहाणपण शिकवणार? तरी सांगते. माझ्या थापेला तुम्ही हसता, कारण ती थाप आहे हे तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत असतं. जो थापेला चमत्कार म्हणतो आणि वर तुमचा पासवर्ड मागतो, त्याच्यापुढे हात जोडू नका. त्याची शाल उचलून बघा. आणि तेवढ्याच हिमतीने स्वतःचं कपाटही उघडून बघा.

"गोष्ट सांग ना," नात म्हणाली. "कासवाने तोंड उघडलं, आणि?"

मी विहीणबाईंकडे बघितलं. त्या पदराशी चाळा करत होत्या.

"आणि," मी म्हटलं, "त्याचे दात अगदी स्वच्छ घासलेले होते."