दोन चमचे

काकांनी वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यावरून अलगद उचलला आणि दुसऱ्या हाताने खुर्चीची पाठ घट्ट धरली. पडलेला ब्रश उचलायला ते वाकून उठले होते, तेवढंच निमित्त. आरशाच्या कडा काळ्या झाल्या, मग करड्या, आणि मग बाकावर वर्तमानपत्र धरून बसलेले निवृत्त पोस्टमास्तर पुन्हा दिसू लागले.

"काय काका, उभ्या उभ्या झोपलात की काय?" खुर्चीतला शाळेच्या बसचा ड्रायव्हर तोंडावरच्या फेसातून म्हणाला.

"धार बघतोय."

धार चांगली होती, तक्रार हाताची होती. महिनाभर असं चाललं होतं. वाकून उठलं की पायाखालची फरशी सरकायची. तीस वर्षं लोकांनी डोळे मिटून या हाताखाली माना दिल्या होत्या, आणि आता काका दर दाढीला मनातल्या मनात देवाचा धावा करत होते.

आरशावरच्या फळीवर केस वाढवायच्या, दुधातून घ्यायच्या पावडरीची बरणी होती. पाच-सहा मुळं वाळवून, कुटून काकू ती घरी करायच्या. कृती त्यांच्या आईची. सलूनच्या पडद्यापलीकडे काकू बायकांचे केस कापत आणि दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांना पुड्या बांधून देत. सगळं सुरळीत होतं, पण गेल्या वर्षी काकांच्याच टाळूवर दिवा चमकू लागला.

"बरणी झाकून ठेवा, नाहीतर डोकं झाका," पोस्टमास्तर तेव्हा म्हणाले होते. सलूनभर हशा पिकला. पडद्यापलीकडची कात्री मात्र थांबली होती.

त्याच आठवड्यात काका गुपचूप डॉक्टरांकडे गेले. गोळ्यांचं पाकीट ब्लेडच्या डब्यात, कागदाखाली लपवलं. "आणखी काही औषध चालू आहे?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ते नाही म्हणाले. त्यात खोटं बोललो असं त्यांना वाटलंही नाही. बायको दुधातून देते ते औषध कसलं? पाच महिन्यांत टाळू भरली आणि बरणीचं नाव झालं. काकू गिऱ्हाइकांना सांगायच्या, "आमच्या घरातच बघा की."

काल मात्र औषधाच्या दुकानदाराने नवं पाकीट देताना सहज विचारलं होतं, "जोडीला झाडपाल्याचं काही घेत नाही ना? ही केसांसाठी दिली, तरी गोळी मुळात रक्तदाबाची. काही मुळ्यांनीही रक्तदाब उतरतो. दोन्ही एकत्र आलं, तर माणूस उठता उठता खाली बसायचा."

"छे, छे," म्हणून काका बाहेर पडले आणि कोपऱ्यावर खांबाला धरून थोडा वेळ उभे राहिले. आपलं आपण बघू, हळूहळू पावडर बंद करू, कुणाला कळायचंही नाही, असं त्यांनी रात्रभर स्वतःला समजावलं होतं.

ड्रायव्हरचा एक गाल झाला. काकांनी त्याची मान वळवली.

"एक पुडी बांधून ठेवा हो काकू!" तो पडद्याकडे तोंड करून ओरडला आणि मग आवाज उतरवून म्हणाला, "काका, कुणाला सांगू नका. मी डॉक्टरची गोळीही घेतोय. चार महिन्यांवर लग्न आलंय. म्हटलं, दोन्हीकडून जोर लावू."

वस्तरा हवेत राहिला.

"कोणती गोळी?"

त्याने नाव सांगितलं. ब्लेडच्या डब्यातलंच नाव होतं ते.

"आणि पावडर कधीपासून?"

"मागच्या खेपेला नेली तेव्हापासून. पंधरा दिवस झाले. का हो?"

"चक्करबिक्कर येते का रे?"

"झोप पुरी होत नाही, दुसरं काही नाही. आज सकाळी बसवर चढलो नि डोळ्यांपुढे अंधार. मुलं चढायची होती, बस जागेवरच होती म्हणून बरं." तो हसला. त्याच्या हनुवटीवरचा फेस हलला. "दुपारी सोडायला जायचंय ना, जरा लवकर उरका."

काकांनी वस्तरा पुसून ठेवला. पडद्याच्या फटीतून काकूंचे हात दिसत होते. त्या पुडीला दोरा गुंडाळत होत्या, नेहमीसारखे दोन वेढे आणि गाठ. काकांनी ब्लेडचा डबा उघडला, कागद बाजूला केला आणि पाकीट आरशासमोर ठेवलं.

"माझे केस याने आले," ते म्हणाले. "पावडरीने नाही. या गोळीने. आणि दोन्ही घेऊन मलाही महिनाभर चक्कर येतेय. आज तू बस चालवायची नाहीस. मालकाला फोन लाव, दुसरा माणूस पाठवायला सांग. पावडर घेऊ नकोस. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा, गोळीचं काय करायचं ते त्यांनाच विचार."

पोस्टमास्तरांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. ड्रायव्हरने तसाच, अर्ध्या दाढीने, फोन काढला.

पडदा सरकला. काकू पुडी हातात घेऊनच पुढे आल्या. त्यांनी आधी पाकिटाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या डोक्याकडे.

"अहो, तोल जातो तुमचा, तो यामुळे?"

"हो."

"मी पाहिलं होतं. गेल्या महिन्यात बल्ब बदलताना स्टुलावर डगमगलात तेव्हा." त्यांनी पुडी फळीवर ठेवली. "मला वाटलं, अशक्तपणा आलाय. त्या दिवसापासून तुमच्या दुधात दोन चमचे घालतेय."

काकांनी गिऱ्हाइकाचा टॉवेल उगाच घडी घालून ठेवला. काकूंनी बरणी खाली घेतली, आतला चमचा काढला आणि पदराने पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिल्या.

"पुड्या कुणाकुणाला दिल्यात, आठवा," अखेर त्या म्हणाल्या. "माझ्या बाजूच्या बायका मला पाठ आहेत. त्यातल्या गोळ्या कोण घेतं, ते मात्र कधी विचारलं नाही."

काका डोळे मिटून आठवू लागले. माणसं त्यांना डोक्यांवरून आठवायची.

"दोन भोवऱ्यांचे गणिताचे मास्तर. त्यांना रक्तदाबाची गोळी आहे, खुर्चीतच बोलले होते. मग तो टाके पडलेला सुतार. मग..."

"एकेक सांगा," काकू म्हणाल्या. त्यांनी चपला पायात घातल्या होत्या. "मास्तरांचं घर कुठलं?"