पाच छिद्रांखालची सही

"बोट ओढतेस." बात्तिस्तामामा ताटातून मान वर न करता म्हणाला.

रविवारचं जेवण होतं. टेबलाच्या मधोमध पाटावर पोलेंताचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा, पिवळा ढीग वाफाळत होता आणि त्याभोवती बसलेला प्रत्येक जण निवेसला पिस्तुलाचा चाप कसा दाबायचा ते शिकवत होता. मामीने काटा उचलून दाखवलं. मामेभाऊ इव्हो म्हणाला, "बोट पोलेंतात बुडव आणि मग नेम धर, चिकटून सरळ राहील!" सगळे हसले. निवेसही हसली.

गोष्ट अशी होती. जानेवारीच्या शेवटी तिने नवं नेमबाजीचं पिस्तूल घेतलं होतं. कारखान्याने त्याच वर्षी बाजारात आणलेलं ते नवं मॉडेल, आणि बात्तिस्तामामा त्याच कारखान्यात एकतीस वर्षं चाचणीच्या टेबलावर. प्रत्येक पिस्तुलाने पंचवीस मीटरवर पाच गोळ्या झाडायच्या, छिद्रं पडलेल्या कागदाखाली सही करायची आणि तो कागद पेटीत ठेवायचा, हे त्याचं काम. बंदुका बनवणाऱ्या या त्रोम्पियाच्या खोऱ्यात हे कागद लोक चौकटीत लावतात. निवेसच्या पलंगाच्या वरही तो होता. पाच छिद्रं एका नाण्याखाली झाकली जातील अशी, बरोबर मध्यात. खाली मामाची तिरकी सही.

आणि तरीही तिच्या गोळ्या डावीकडे जात होत्या. पहिल्या दहा ठीक लागत, मग हळूहळू सरकत. साठाव्या गोळीपर्यंत दहाच्या वर्तुळातून नऊमध्ये, कधी आठमध्ये. उजव्या हाताने मारणाऱ्याची गोळी डावीकडे गेली की चाप दाबताना बोट ओढलं गेलं, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. सुरुवातीला चांगलं मारते आणि मग बिघडते, म्हणजे मन कच्चं. प्रशिक्षक फाउस्तो हेच म्हणाला. ब्रेशा शहराच्या संघात तीन जागा होत्या आणि त्यासाठी दोन निवड चाचण्या, दोन्हींतली चांगली धरायची. पहिलीत निवेस नववी आली होती. दुसरीला तीन आठवडे उरले होते.

निवेस नगरपालिकेच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करत होती. रोज घरी आल्यावर ती पांढऱ्या भिंतीसमोर उभी राहून रिकामं पिस्तूल दोनशे वेळा चालवायची. बोटाला घट्टे पडले. दहा आठवडे झाले होते.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, मग पिस्तूल का नाही तपासलं? नेम धरायच्या मागच्या खाचेचा स्क्रू फिरवायला किती वेळ लागतो? पण या खोऱ्यात एक रीत आहे. घरातल्या वडीलधाऱ्याने पिस्तूल लावून दिलं असेल, तर तो स्वतः सांगेपर्यंत त्याच्या स्क्रूला हात लावायचा नाही. हात लावणं म्हणजे त्याच्या डोळ्यावर शंका घेणं. आणि निवेसला वयाच्या दहाव्या वर्षी नेम धरायला कोणी शिकवलं होतं? याच मामाने.

मंगळवारी ती नेमबाजीच्या क्लबमध्ये गेली ती निवडीतून नाव काढायला. दाराशी सेव्हेरिनामावशी वाटाणे सोलत बसली होती. पंचाहत्तरी ओलांडलेली ही बाई क्लबच्या किल्ल्या सांभाळायची. तिने उमेदीची अठ्ठावीस वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलावर कारखान्यासाठी माशा घासल्या होत्या. माशी म्हणजे नळीच्या टोकावरची ती बारीक उभी पट्टी. मागच्या खाचेत ती मधोमध दिसली पाहिजे, म्हणजे नेम लागला.

"हातात कसला कागद आहे?" मावशीने विचारलं.

"नाव काढतेय, मावशी. माझ्याच्याने नाही होत. बोट ओढलं जातं."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

"तू पाण्यातलं शिसं मोजतेस ना? तिथेही सगळ्यांना विचारूनच लिहितेस का?"

निवेसने कागदाची घडी घातली. मावशीने वाटाण्याचं साल बाजूला टाकलं आणि आत हाक मारली, "दारिओ! इकडे ये रे. डावखुऱ्याने बोट ओढलं तर गोळी कुठे जाते?"

"उजवीकडे," दारिओ म्हणाला. तो क्लबातला एकमेव डावखुरा होता.

"मग हिचं पिस्तूल घे आणि साठ गोळ्या मार. नीट मार हं, तुझ्या सासूच्या फोटोवर मारतोस तशा नकोत."

दारिओने साठ गोळ्या मारल्या. निवेस दुर्बिणीला डोळा लावून एकेक नोंदत गेली. पहिल्या दहा मध्यात. विसाव्यानंतर किंचित डावीकडे. चाळीस, डावीकडे. साठ, आणखी डावीकडे!

डावखुऱ्या माणसाच्या हातातूनही गोळ्या डावीकडेच गेल्या होत्या. म्हणजे बोटाचा संबंधच नव्हता! निवेसने दुर्बिणीवरून डोळा काढला आणि पिस्तूल हातात घेतलं.

"आता स्क्रूला हात लाव," मावशी म्हणाली.

तिने स्क्रू उजवीकडे फिरवत टिकटिक मोजली. एक, दोन... सहा, आणि पुढे वाट बंद. मग डाव्या टोकापासून पूर्ण मोजलं तर एकूण चोवीस. मधोमध म्हणजे बाराव्या टिकटिकीवर असायला हवी ती खाच कारखान्यातून निघताना चोविसाव्यावर, अगदी शेवटी लावलेली होती. शेवटच्या आट्यांत स्क्रूला पकड नव्हती. दर दहा धक्क्यांना तो एक टिकटिक मागे सरकत होता. पिस्तूल पेटीत घट्ट दाबून बसवलं की खाच पुन्हा टोकाला ढकलली जायची, म्हणून प्रत्येक वेळी पहिल्या दहा ठीक.

मावशीने खिशातून छोटा गुण्या काढून नळीला टेकवला आणि एक डोळा मिटला. "माशी बसवायची खाचच उजवीकडे कापलीय. नखाच्या जाडीइतकी, अर्धा मिलिमीटर. पंचवीस मीटरवर त्याचे साडेपाच सेंटिमीटर होतात. ते झाकायला मागचा स्क्रू टोकाला नेलाय."

"पण कागदावरची पाच छिद्रं?"

"पाच गोळ्यांपुरता टिकतो की तो."

निवेसला सगळं कळलं. स्क्रू टोकाला पोचला हे पिस्तूल लावणाऱ्याच्या बोटांना कळल्याशिवाय राहत नाही. आणि ते लावणाराच दर रविवारी समोर बसून म्हणत होता, बोट ओढतेस.

पुढच्या रविवारी मामाच्या अंगणात सळईवरचं मांस भाजायला लावलं होतं. सहा तास ते सोडून उठता येत नाही, लोणी सोडत राहावं लागतं. निवेस मावशीला घेऊन आली आणि पिस्तुलाची पेटी मामासमोर उघडली.

"मामा, स्क्रू कितीवर होता?"

त्याने पिस्तुलाकडे पाहिलंच नाही. मांसावरची सेजची सुगंधी पानं सरळ करत राहिला. "बाराच्या आसपास असेल."

"चोवीस."

लोणी निखाऱ्यावर पडून चर्र झालं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

त्याने सळई फिरवली. "जानेवारीत यंत्राचा साचा सरकला होता. त्रेचाळीस नग तसे निघाले. मुकादम म्हणाला, प्रदर्शन तोंडावर आलंय, स्क्रूने मध्यात आणा आणि सही करा. मी खोटं नाही लिहिलं, निवेस. पाच गोळ्या मध्यात लागल्या, त्याखाली सही केली."

"आणि टेबलावर काय सांगत होतास? तेही खरंच होतं का? अकरा आठवडे मी भिंतीसमोर उभी राहतेय! माझ्या बोटाकडे बघ!" तिने घट्टे पडलेलं बोट त्याच्यापुढे धरलं. "दुसऱ्या कोणी फसवलं असतं तर मी पिस्तूल तपासलं असतं, मामा. तू होतास म्हणून मी स्वतःलाच तपासत राहिले!"

"तुझ्या वाट्याला त्यातलंच येईल हे मला ठाऊक नव्हतं. आलं, तेव्हा सांगायचं कसं? कारखान्यावर अर्धं खोरं जेवतं. नाव गेलं तर..."

"कोणाचं नाव, बात्तिस्ता?" सेव्हेरिनामावशी खुर्ची ओढून बसली. "मी अठ्ठावीस वर्षं माशा घासल्या. वाकडी निघाली तर डब्यात टाकायचे आणि मुकादमाला सांगायचे, वाकडी निघाली. तो ओरडायचा. ओरडून संध्याकाळी घरी जायचा. नाव त्याने जात नाही. आज बेचाळीस दुसऱ्या घरांत कोणीतरी आपलं बोट दोषी समजून बसलंय. कोणी खेळ सोडला असेल. त्यांच्या भिंतीवर तुझी सही आहे."

"तुम्हाला बोलायला सोपं आहे. मला ऑक्टोबरात निवृत्त व्हायचंय."

"मग ऑक्टोबरपर्यंत काय सांगणार आहेस पोरीला? बोट ओढतेस?"

निवेस हळू आवाजात म्हणाली, "कारखाना दोष मान्य केल्याशिवाय पिस्तुलाचा वरचा भाग बदलून देणार नाही. आणि तुझ्या सहीसमोर माझा शब्द कोण ऐकणार? तू सांगितलंस तरच होईल. चाचणी तेरा दिवसांवर आहे."

मामाने लोण्याचा चमचा इव्होच्या हातात दिला. इतक्या वर्षांत भाजणं अर्धं सोडून तो पहिल्यांदाच उठला. आत गेला आणि टेबलाशी बसून लिहू लागला. खिडकीतून त्याची पाठ दिसत होती. त्या दिवशी मांस एका बाजूने करपलं.

सोमवारी त्याने तो कागद मुकादमाला टाळून थेट मालकांच्या हातात दिला. त्रेचाळीस क्रमांक आणि एक वाक्य: या पिस्तुलांच्या कागदांखालची माझी सही मी मागे घेतो. आठवडाभर कारखान्यात त्याच्याशी कोणी बोललं नाही. त्याला चाचणीच्या टेबलावरून काढून खोकी बांधायला बसवलं. पण पिस्तूल घेणाऱ्यांना पत्रं गेली, पिस्तुलं परत यायला लागली, आणि निवेसचं सर्वांत आधी दुरुस्त झालं. निवड चाचणीला दोन दिवस उरले होते.

चाचणीच्या दिवशी निवेस शांत उभी राहिली. स्क्रू बारावर होता. दहा गोळ्या, वीस, चाळीस, सगळ्या मध्याभोवती. एकोणसाठाव्या गोळीपर्यंत ती तिसरी होती. साठावीला चाप दाबताना तिला बोटात एक झटका जाणवला, आणि दुर्बिणीत पाहण्याआधीच कळलं. डावीकडे, आठ. एका गुणाने ती चौथी आली. संघ तिघींचा होता.

बाहेर मामा टोपी हातात धरून उभा होता. सवयीने तो म्हणाला, "बोट..." आणि तिथेच थांबला. त्याचा चेहरा उतरला.

"हो मामा," निवेस म्हणाली. "या वेळी बोटच होतं."

"ते अकरा आठवडे तुला सरावाला मिळाले असते तर..."

"तर मी संघात असते," ती म्हणाली. तिने ते मऊ करून सांगितलं नाही, आणि त्यानेही तशी अपेक्षा केली नाही.

घरी जाऊन तिने पलंगावरची चौकट उतरवली. दुरुस्त पिस्तुलासोबत आलेला नवा कागद मामाच्याच हातचा होता, मालकांकडे परवानगी मागून त्याने तेवढा एक नग स्वतः तपासला होता. पाच छिद्रं, सही, आणि सहीशेजारी प्रथमच लिहिलेलं: स्क्रू बारावर. तो कागद तिने चौकटीत लावला नाही. खणात ठेवला. बघू पुढे.

नागरिकहो, सदोष वस्तू दुरुस्त होते. पण दोष वस्तूत असताना तो वापरणाऱ्याच्या माथी मारला, की माणूस स्वतःच्या हातावर विश्वास ठेवायचं विसरतो, आणि ती दुरुस्ती कुठल्याच कारखान्यात होत नाही. म्हणून तुमची सही जिथे कुठे पडत असेल, तिथे स्क्रू कितीवर आहे तेही लिहा. आणि ज्याच्यावर तुमचं सर्वांत जास्त प्रेम आहे, त्याने लावून दिलेला स्क्रूसुद्धा एकदा मोजून बघा. त्यात त्याचा अपमान नाही. चूक माझी आहे की नाही हे कळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे!