दुखतं पुढे, गाठ मागे

तेहतीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस सुईला घाबरतो, हे फिजिओथेरपिस्ट सुनेला त्या सकाळी आपल्या दवाखान्यात कळलं. तिने पाकीट फाडून केसासारखी बारीक सुई बाहेर काढली आणि समोर शर्ट काढून बसलेले सासरे पांढरेफटक पडले.

"औषध कुठंय यात?"

"औषध नसतं, बाबा. म्हणून तर ड्राय नीडलिंग म्हणतात. आखडलेल्या स्नायूत गाठ झालीय, ती सैल करायची."

"नुसती सुईच टोचायची तर घरी काय कमी आहेत?"

"घ्या की टोचून," कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सासूबाई म्हणाल्या. "बोटाला जरा लागली की अख्खं घर गोळा करता."

दोन महिने सासऱ्यांचा उजवा हात वर जात नव्हता. मोठी कात्री उचलली की दंडातून अंगठ्यापर्यंत कळ जायची. शर्टाची बाही सासूबाई चढवून द्यायच्या. गेल्या आठवड्यात सासऱ्यांनी दुकान विकायची गोष्ट काढली आणि ताटावरून तसेच उठले. घरच्या माणसावर उपचार करायचे नाहीत, हा सुनेचा नियम तिथेच मोडला. एरवी आपलं बाळ शिंकलं तरी ती थर्मामीटर शोधायची. पण बोटांखाली स्नायू आला की धाकधूक कुठल्या कुठे जायची. या कामात ती कुणाचं ऐकायची नाही.

"हे बघ, इथं दुखतं," सासऱ्यांनी खांद्याच्या पुढच्या बाजूला बोट ठेवलं.

"बरं. आता पालथे झोपा."

"अगं, दुखतं पुढे आणि टोचणार मागे? माझ्या दुकानात असा कारभार केला तर गिऱ्हाईक पँट तोंडावर फेकेल माझ्या!"

"झोपा आधी."

ती खांद्याच्या पात्यावरून अंगठा सरकवत गेली. एक जागा दोरीसारखी ताठ लागली. तिने दाबलं.

"आई गं! पुढे गेली कळ! पार अंगठ्यापर्यंत... अगं, हीच ती!"

"मग? चोर इथे बसलाय." तिने कातडी स्पिरिटने पुसली, गाठ दोन बोटांत पक्की धरली. "हलायचं नाही. आत स्नायू एकदा उडेल. उडाला की समजायचं, नेम बसला."

पहिल्या वेळी सुई आत गेली, पण काही झालं नाही. सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. सुनेने मान वर केली नाही. सुई जरा मागे घेतली, किंचित तिरकी केली आणि पुन्हा आत सोडली. स्नायू गळाला लागलेल्या माशासारखा लक्कन उडाला.

"अरे तिच्या!" सासरे उशीत तोंड खुपसून ओरडले. मग म्हणाले, "सैल पडलं गं काहीतरी."

उठून बसल्यावर त्यांनी हात वर नेला. कानापर्यंत गेला, पुढे अडला. तरी तो तिथेच धरून ते त्याच्याकडे बघत राहिले.

"आज-उद्या ठणकेल. घाबरायचं नाही. अजून दोन-तीन वेळा यावं लागेल," ती म्हणाली. "आणि तुमचं स्टूल बदलायचं. मशीनपुढे खांदा कानाला लावून बसता, गाठ होणार नाही तर काय!"

"स्टूल? तेहतीस वर्षं आहे ते!"

"म्हणूनच."

सासूबाई शर्ट घेऊन पुढे झाल्या. सासऱ्यांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला, उजवी बाही आपली आपण चढवली, जरा कण्हत.

"उद्या दहाला दुकानात ये, सूनबाई," बटणं लावत ते म्हणाले. "स्टुलाच्या उंचीचं माप तू सांग. टेप मी धरतो."