हंगामी बाईंचं नाव

आमच्या मुलींच्या शाळेच्या ओसरीत दोन फलक होते. डावीकडे राज्यपालांची नावं आणि कारकीर्द, उजवीकडे शाळेच्या मुख्याध्यापिकांची. डावा मला तोंडपाठ होता. उजव्याकडे मी बघत नसे.

तापीकाठच्या आमच्या गावात राज्यपालांवाचून कुणाचं काय अडलं होतं, देव जाणे. पण तपासनीस साहेबांना तो फलक अद्ययावत लागे. वर्गात खडू नसले तरी चालत. ते कागदावर नावं पाठवत आणि धुडकू मिस्त्री ती रंगवी. धुडकू मूळचा बैलगाड्या रंगवणारा. वाचायचा एकेक अक्षर जोडून, पण काढायचा मोत्यासारखं. श्रीप्रकाश यांचं नाव त्याने ‘श्री प्रकाशा’ असं लिहिलं आणि वर मलाच विचारलं, “आपला प्रकाशाना शेतस का, बाई?” प्रकाशा म्हणजे तापीवरचं आमच्या जवळचं गाव. तो जादा काना मी स्वतः रॉकेलच्या बोळ्याने पुसला.

चौपन्न साली एक राज्यपाल पदावर असतानाच वारले. साहेबांच्या कागदावर पुढचं नाव होतं ते एकदम पंचावन्न सालचं. मधले महिने कोण होतं, असं मी साहेबांना विचारलं.

“असेल कुणी हंगामी,” ते म्हणाले. “फलकावर हंगामी नावं घ्यायची नाहीत. त्यावरही नाहीत आणि ह्यावरही नाहीत.”

ह्यावर म्हणजे उजव्या फलकावर. तिथे जे नाव घ्यायचं नव्हतं ते माझं, वत्सलाबाई पाटील.

तेरा वर्षांत पाच मुख्याध्यापिका आल्या. एकीला इथलं पाणी मानवलं नाही, एकीचं लग्न ठरलं, बाकीच्यांनी बदल्या करून घेतल्या. एक गेली की दुसरी येईपर्यंत शाळा माझ्या गळ्यात. सगळं मिळून सहा वर्षं चार महिने. पाचांपैकी एकीनेही तेवढी चालवली नाही. गळकी कौलं मी बदलून घेतली. कापूसवेचणीच्या दिवसांत शेताच्या बांधावर उभं राहून, बापांशी भांडून मुली मी शाळेत आणल्या. फलकावर मात्र एक बाई संपली की लगेच दुसरी सुरू, मधे मी नाहीच.

“हंगामी म्हंजे कोनता हंगाम, बाई?” धुडकूने एकदा विचारलं. “कापूसना का दादर ज्वारीना?”

मी त्याच्यावर खेकसले.

बासष्ट साली एप्रिलमध्ये सुब्बारायन राज्यपाल झाले आणि ऑक्टोबरात गेले. नोव्हेंबरअखेर विजयालक्ष्मी पंडित आल्या. महाराष्ट्राची राज्यपाल एक बाई. मुलींना ते सांगताना माझाच आवाज चढला. त्यातून पाचव्या बाई गेल्यापासून शाळा पुन्हा माझ्याच गळ्यात होती आणि मागच्या भेटीत साहेब म्हणाले होते, “डिसेंबरात येईन तो तुमचा कायमचा हुकूम घेऊनच.” जूनमध्ये मला पंचावन्न पूर्ण होऊन मी निवृत्त होणार होते. सहा महिने तर सहा महिने, उजव्या फलकावर नाव लागलं असतं.

साहेब यायच्या आदल्या संध्याकाळी मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एक राज्यपालांची, ती टेबलावर ठेवली. दुसरी हुकूम हातात पडला की धुडकूला द्यायची: श्रीमती वत्सलाबाई पाटील, १९६२, पुढे रेघ. ती मी तिथेच हजेरीपटाखाली सरकवली. या वयात असला उतावळेपणा, माझी मलाच लाज वाटली.

सकाळी धुडकू आला तेव्हा मी प्रार्थनेत होते. “राज्यपाल आता बाई झाल्यात,” मी घाईत म्हटलं. “टेबलावर चिठ्ठी आहे. बघून लिही, डोकं चालवू नकोस.”

मधेच कुणीतरी हजेरीपट उचलून नेला असणार. अर्ध्या तासाने ओसरीत आले तर डाव्या फलकावर, सुब्बारायन यांच्या खाली, पिवळ्याधमक रंगात माझं नाव. पुढे १९६२ आणि रेघ.

“हे काय केलंस?”

“चिठ्ठीवर तेच व्हतं, बाई.” धुडकू ब्रश पुसत होता. “माले वाटनं, सरकारले एकदानी अक्कल उनी.”

मला रडावं की त्याला झोडपावं कळेना. रॉकेल आण म्हणून ओरडले, आणि तेवढ्यात जीप फाटकात शिरली. साहेबांनी हे वाचलं तर हुकूम खिशातून बाहेरही काढणार नाहीत. मी फलकासमोर पदर सावरत उभी राहिले.

“बाई, जरा बाजूला व्हा.”

झाले. साहेबांनी छडीने ओळी मोजल्या. “पाच होत्या, सहा झाल्या. बरोबर.” टेबलाशी बसून त्यांनी शेरेबुकात लिहिलं: राज्यपालांचा फलक तपासला. नोंदी अचूक आहेत. खाली सही.

माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी हुकूम पुढे केला. नाव सुंदरबाई नावाच्या कुणा बाईंचं होतं, ट्रेनिंग झालेल्या, वय सव्वीस. सोमवारी रुजू होणार.

“तुमचे सहाच महिने राहिले, मग कशाला उगीच?” साहेब म्हणाले. “तोवर चार दिवस तुम्ही हंगामी आहातच.”

मी हुकूम घडी करून टेबलावर ठेवला. “साहेब, फलक नीट वाचलात ना?”

“दहा वर्षं वाचतोय, बाई.”

दहा वर्षं. ज्या फलकाचा दाखला देऊन यांनी माझं नाव वगळलं, तो फलक यांनी एकदाही वाचला नव्हता. मी संतापाने शेरेबुक मिटलं आणि कपाटात ठेवलं.

जीप गेली. धुडकू रॉकेलची बाटली आणि बोळा घेऊन खाली मान घालून आला. “चुकनं मन्हं, बाई. पुशी टाकू?”

शाळेच्या आवारात मी अहिराणी कधी बोलत नसे. मुलींनाही बोलू देत नसे.

“सोमवारले पुश,” मी म्हटलं. “आजून मन्हा हंगाम शे.”