ज्याच्याकडे उजेड

पंढरीनाथांनी खिडकीच्या काचेवर लावायच्या फिल्मचा वीतभर तुकडा डोळ्यांसमोर धरला आणि दुकानाबाहेर पाहिलं. मल्हारगंजची गल्ली थोडी निळसर झाली, पण सगळं दिसत होतं. हातगाडीवरची केळी, स्कूटरवर बसून फोनवर बोलणारा माणूस, त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण.

"आता बाहेर जाऊन इकडे बघा, काकाजी." दुकानदार जयेशने तुकडा दाराच्या काचेवर दाबून धरला.

पंढरीनाथ बाहेर गेले. काचेत त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला. दाढी वाढली होती.

"बघितलं? आपल्याला सगळे दिसणार, आपण कोणालाच नाही," ते आत आल्यावर जयेश म्हणाला. "गल्लीतल्या बायका तुमच्या खिडकीत टिकली सरळ करून जातील. तुम्ही आरामात चहा पीत बसा."

"आणि ही पांढरी?"

"ती दूधिया, बाथरूमची. तिच्यातून तुम्हालाही काही दिसणार नाही. बघायचंच नसेल तर ती घ्या."

"बघायचं आहे."

जयेशने पांढरा तुकडा बाजूला सारला. "फक्त एक सांगून ठेवतो, नंतर भांडायला येऊ नका. हा खेळ दिवसाचा आहे. संध्याकाळी आत लाइट लावला की सगळं उलटं. ज्याच्याकडे उजेड, तो दिसतो. तेव्हा पडदा ओढून घ्यायचा."

"लाइट लावलाच नाही तर?"

"अंधारात कोण बसतंय काकाजी? भूत?"

पंढरीनाथ हसले नाहीत. त्यांनी खिशातून खिडकीच्या मापाची चिठ्ठी काढून दिली.

दुसऱ्या दिवशी फिल्म लागली. पडद्याची आता गरज नव्हती. त्यांनी तो उतरवून घडी घातली, आणि पडद्याचा लोखंडी पाइप खिडकीशेजारी कोपऱ्यात उभा केला.

खिडकीसमोरच रस्ता होता. रस्त्याच्या या कडेला विजेचा खांब. नऊ महिन्यांपूर्वी अंबिका दही घेऊन परत येत होती, तेव्हा त्या खांबापाशी एका गाडीने तिला उडवलं आणि गाडी निघून गेली. आवाज ऐकून पंढरीनाथ आतून धावत आले, तोवर रस्ता रिकामा होता. पोलिसांनी अज्ञात वाहन असं लिहिलं. आठ महिन्यांनी तो कागदही बंद झाला.

समोरच्या घरात पीयूष राहायचा. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची गाडी फाटकात नव्हती. सर्व्हिसिंगला दिली आहे, असं तो म्हणाला. गाडी आली ती तेराव्याच्या दिवशी, पुढचा बंपर नवा घेऊन. त्या दिवशी पीयूषने पंगतीला वाढलं, सगळ्यांना पाणी दिलं. स्वतः मात्र जेवायला बसला नाही.

तेव्हापासून पंढरीनाथ त्याच्यावर नजर ठेवून होते. पण पडदा जरा हलला की पीयूष मान वर करायचा.

"काही पाहिजे का, काकाजी?"

"काही नको."

आता तो मान वर करत नव्हता. कॉलनीतली मुलं काचेत बघून केस विंचरून गेली. एका बाईने खरंच टिकली सरळ केली. पंढरीनाथ हातभर अंतरावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांना कोणी पाहिलं नाही.

चार दिवस ते रस्ता बघत राहिले. खांबापाशी रस्त्याला खड्डा नव्हता, डागही नव्हता. दूधवाल्याची मोटरसायकल तिथून जायची. शाळेची व्हॅन जायची, कचऱ्याची गाडी जायची. त्या जागेवरून सगळ्यांची चाकं जात होती.

पीयूषची जात नव्हती. रस्ता मोकळा असला तरी तो खांबाच्या अलीकडे वेग कमी करायचा, गाडी पलीकडच्या कडेला घ्यायचा आणि मग पुढे जायचा. सकाळी आणि संध्याकाळी. चार दिवसांत आठ वेळा.

पाचव्या दिवशी पंढरीनाथांनी दुपारचा चहा केला नाही.

दिवेलागणीला बाहेरच्या खोलीत लाइट लागलाच पाहिजे, हा अंबिकेचा नियम होता. घरात माणूस आहे हे रस्त्याला कळलं पाहिजे, असं ती म्हणायची. ती गेल्यावर हा नियम पंढरीनाथांनी एकही दिवस मोडला नव्हता. फिल्म लावल्यावरही लाइट लागत होता आणि ते खिडकीपासून उठून आत जात होते.

आज ते उठले नाहीत. खोली काळोखी झाली. भिंतीवरचा अंबिकेचा फोटो दिसेनासा झाला. बाहेर खांबावरचा दिवा लागला आणि रस्ता स्वच्छ दिसू लागला.

पीयूषची गाडी आज जरा उशिरा आली. पलीकडच्या कडेने गेली. इंजिन बंद झालं. तो किल्ली हातात घेऊन उतरला, फाटकाकडे वळला आणि थांबला. त्याने या खिडकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला.

मग तो रस्ता ओलांडून येऊ लागला. चालतानाही त्याने ती जागा टाळली.

"काकाजी?"

त्याने काचेवर टकटक केलं. खांबाच्या उजेडात त्याचा चेहरा काचेला टेकण्याइतका जवळ आला होता. त्याला फक्त तो स्वतः दिसत असणार. पंढरीनाथ उभे होते. पाइप हातात कधी घेतला हे त्यांना आठवेना.

"काकाजी, आहात ना? लाइट नाही लागला आज."

पीयूषने पुन्हा टकटक केलं.

"तुमचा लाइट लागला की मगच मी घरात जातो." पीयूषचा आवाज खाली आला. "नऊ महिने झाले. रोज."

तो पुढे काहीतरी बोलणार होता. काचेवर वाफ धरली आणि विरली.

लाइटचं बटण डाव्या हाताला होतं. पंढरीनाथांनी पाइप उजव्या हातात घेतला आणि बटण दाबलं.

पीयूषचा चेहरा गेला. काचेत त्या जागी दाढी वाढलेला एक म्हातारा होता. त्याच्या हातात खांद्यापर्यंत उचललेला पाइप होता. मागच्या भिंतीवर अंबिकेचा फोटो होता. बाहेरून पीयूषलाही आता हेच दिसत असणार.

पंढरीनाथ कान देऊन उभे राहिले. चपलांचा दूर जाणारा आवाज येईल म्हणून वाट पाहिली.

आवाज आला नाही.